झुरका : विजापूर ते देवगाव फाटा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

कॉलेजात असताना परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघत होतो. मित्रानं बिडी पुढे केली. मी धूर तोंडातूनच सोडला, तर तो हसला, "अरे, छातीत घे की!" मी घेतला. ठसका लागला, पण वाटलं, आपण मोठे झालो.

हा झुरका आपल्याकडे आला कुठून?

तंबाखू मूळचा अमेरिकेचा. आपल्याकडे आणला पोर्तुगीजांनी. 1604 च्या आसपास अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता, तिथं त्याला तंबाखू दिसला. त्यानं तो बादशहाला भेट दिला. अकबरानं थोडेसे झुरके घेतले. हकिमानं अडवलं, कारण ही वस्तू पारखलेली नव्हती. अकबरानं सवय लावून घेतली नाही, दरबाऱ्यांनी मात्र लावली. 1617 मध्ये जहांगीरानं बंदी घातली, तरी तंबाखू गेला नाही.

पुढं प्रत्येक काळानं 'सुरक्षित' झुरका शोधला. हुक्क्यात धूर पाण्यातून यायचा, चिलमीत ओल्या साफीतून. लोकांना वाटायचं, गाळला गेला. खरं तर धूर फक्त थंड होतो, विष आत जातंच.

मग बिडी आली. 'पानाचीच तर आहे!' असं आजही ऐकू येतं. पण तेंदूच्या, म्हणजे टेंभुर्णीच्या पानातून हवा नीट खेळत नाही. ओढली नाही की विझते. म्हणून ती घडीघडी, जोरात ओढावी लागते आणि धूर खोल जातो.

त्यानंतर 'लाइट' सिगारेट. फिल्टरला बारीक छिद्रं, धूर सौम्य. पण शरीराला निकोटिन हवं असतं, मग माणूस नकळत लांब झुरके घेतो. आणि धूर तोंडातच ठेवला, तरी तोंडाच्या कॅन्सरचा धोका राहतोच.

चारशे वर्षांत ओढायची पद्धत बदलली, धूर नाही.

मी सहा वर्षं ओढली, मग सोडली. ब्रिटिश डॉक्टरांवर 1951 पासून पन्नास वर्षं अभ्यास झाला. तिशीच्या आसपास सोडणाऱ्यांची सरासरी दहा वर्षं वाचली. म्हणजे उशीर झालेला नाही. एकट्यानं जमत नसेल, तर 1800-11-2356 हा सरकारी नंबर फुकट आहे.

फाट्यावर कुणी "छातीत घे" म्हणालं, तर तो हकीम आठवा. भेटू पुढच्या भागात!