‘वॉर’ केव्हा सुरू झाले?

‘वॉर’ हा इंग्रजी शब्द अवघ्या तीन अक्षरांचा. पण त्याचा अर्थ शोधू जाता मला ठाण्याच्या किल्ल्यापर्यंत यावे लागले.

या शब्दाचे मूळ जुन्या जर्मन कुळातल्या ‘वेर्रा’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ गोंधळ, बखेडा. आपले ‘युद्ध’ संस्कृतातल्या ‘युध्’ म्हणजे लढणे या धातूपासून आले. ‘मोहीम’ फारशीच्या वाटेने आली, अरबीत तिचा अर्थ महत्त्वाचे काम. पुढे इंग्रजांच्या इतिहासग्रंथांत त्यांच्या गोंधळाला मोठी शिस्त लागली. ‘वॉर’ म्हटले की आरंभाचे साल हवे आणि शेवटी तह हवा. म्हणूनच मीही वर्गात फळ्यावर लिहितो : पहिले इंग्रज-मराठा युद्ध, १७७५ ते १७८२. आरंभी राघोबादादांशी झालेला सुरतेचा तह, अखेरीस सालबाईचा.

आता ठाण्याची हकीगत ऐका. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये जिंकला. पुढे पोर्तुगीज साष्टी परत घेणार अशी वार्ता उठली, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी आधीच हात मारायचे ठरवले. त्यांचा वकील मॉस्टिन १७७२ पासून पुणे दरबारात होता. म्हणजे बोलणी तिकडे आणि तोफा इकडे! २७ डिसेंबर १७७४ रोजी खंदक बुजवण्याचा त्यांचा प्रयत्न मराठ्यांनी उधळला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किल्ला पडला आणि आतली बहुतेक शिबंदी कापली गेली.

सुरतेचा तह झाला तो त्यानंतर, मार्च १७७५ मध्ये. मग ठाण्याच्या तटावर पडले ते कोणत्या युद्धात पडले? पुस्तकातले ‘वॉर’ तर अजून सुरूच झाले नव्हते!

मराठीला अशी अडचण पडत नाही. आपल्याकडे चढाई, वेढा, हल्ला, चकमक, झुंज असे शब्द आहेत. जे घडले ते त्याच्या नावाने सांगता येते. त्याला कागदाची वाट पाहावी लागत नाही. सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. हत्याराने घेतलेले कागदाने पक्के झाले.

माझे विद्यार्थी परीक्षेत १७७५ लिहितात, मी गुण देतो. पण त्यांना एवढे जरूर सांगतो, की ठाण्याला गेलात तर मध्यवर्ती तुरुंगाच्या भिंती पाहा. तोच तो किल्ला. तिथे लढाई त्या सालाच्या आधीच झाली होती.