केशवराव भोळे : डॉक्टरकी सुटली, वही सुटली नाही

'एकच विषय धरा, इकडेतिकडे बघू नका' हा सल्ला तुम्हालाही मिळाला असेल. मलाही मिळाला होता. आज त्या सल्ल्यात न बसणाऱ्या एका माणसाबद्दल सांगतो.

केशवराव भोळे यांचा जन्म १८९६ चा, अमरावतीचा. म्हणजे आमच्या वलगावच्या अगदी शेजारचा. तरी एम.एस्सी. होईपर्यंत मला त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं! डॉक्टर व्हायला ते मुंबईला गेले, पण ते शिक्षण अर्धवट सुटलं. पुढे 'एकलव्य' या टोपणनावाने त्यांनी गायकांवर समीक्षा लिहिली. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाला संगीत दिलं आणि मग ते 'प्रभात'च्या चित्रपटांकडे वळले.

आता त्यांचे दोन चित्रपट शेजारी ठेवून बघा. 'संत तुकाराम' (१९३६) मधल्या चाली भजनाच्या वळणाच्या आहेत. 'आधी बीज एकले' हे शांताराम आठवले यांचं गीत, पण पुष्कळ लोक ते आजही तुकोबांचाच अभंग समजतात. पुढच्याच वर्षी 'कुंकू' आला. त्यात वेगळं पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. प्रसंगात जे आवाज असतील तेच ऐकू येतात. आणि त्याच चित्रपटात शांता आपटे लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविता गातात!

माणूस तोच, मग पद्धत का बदलली? कारण प्रश्न बदलला. एकीकडे संताचं चरित्र, दुसरीकडे म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेल्या मुलीचं घर. आपण नेमकं उलटं करतो. हाताशी असलेलं तंत्र धरतो आणि त्याला जमेल असा प्रश्न शोधत बसतो.

बरं, अष्टपैलू माणसं पुष्कळ असतात. केशवरावांचं वेगळेपण असं की १९६४ मध्ये त्यांनी 'माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन' या पुस्तकात आपण काम कसं केलं ते लिहून ठेवलं. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी फसलेले प्रयोग वहीत नोंदवलेच नाहीत. सहा महिन्यांनी तीच चूक परत केली, तेव्हा या पुस्तकाचं मोल कळलं.

तर एक काम करा. दोन्ही चित्रपट बघा आणि संगीतातला फरक पानभर लिहून काढा. आणि हो, कुठलंही गीत तुकोबांच्या नावावर टाकण्याआधी गाथा उघडून बघा. संशोधनाची सुरुवात तिथूनच होते.