पोपडे

सप्टेंबरमधला शनिवार. ऊन मस्त, हवा कोरडी आणि अस्मादिक शिडीवर, हातात स्क्रेपर!

बॉस्टनला लागून असलेल्या सॉमरव्हिलमध्ये आमचं घर आहे. १९१२ सालचं, लाकडी. बाहेरच्या भिंती म्हणजे एकीची कड दुसरीवर चढवून ठोकलेल्या आडव्या फळ्या. इथे त्यांना क्लॅपबोर्ड म्हणतात. दक्षिणेकडच्या भिंतीला पोपडे सुटले होते. नख लावलं की तळहाताएवढा तुकडा हातात. एका तुकड्याची कड निरखून पाहिली, तर वर राखाडी, त्याखाली पिवळा, मग हिरवा आणि अगदी तळाशी पांढरा. शंभर वर्षांची व्हर्जन हिस्टरीच की! गावच्या मारुतीची शेंदराची खोळ गळून पडते, तेव्हा आत असेच थरावर थर दिसतात, त्याची आठवण झाली.

तेवढ्यात शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले. मला वाटलं, शिडी धरायला आले. त्यांनी गवतात खेळणाऱ्या माझ्या लेकीकडे बोट दाखवलं.

"केवढी आहे?"

"दोन वर्षांची."

"मग आधी खाली उतर. आणि तिला घरात ने."

तळाचा तो पांढरा थर शिशाचा असणार, हे त्यांना वयामुळे ठाऊक होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. घर घेताना सह्यांच्या गठ्ठ्यात त्याचाच एक कागद होता, सोबत माहितीपुस्तिकाही होती. १९७८ पूर्वीचं घर विकताना अमेरिकेत ती द्यावीच लागते. सॉफ्टवेअर टाकताना आपण 'आय ॲग्री' दाबतो ना, तशीच मी सही केली होती. शाळेत शिशाचा संबंध पेन्सिलीशी लावला (तोही चुकीचा, तिच्यात ग्रॅफाइट असतं), त्यापुढे गाडी गेली नव्हती. त्या रात्री ती पुस्तिका वाचली, आणि मग पुढचे कित्येक वीकेंड वाचतच राहिलो.

पांढरा रंग म्हणजे तेव्हा व्हाइट लेड, आपल्याकडचा सफेदा. शिशाचा कार्बोनेट अळशीच्या तेलात घोटायचा. फळीला घट्ट धरतो, उन्हापावसात लवचिक राहतो, झाकतो छान. त्यामुळे त्या काळच्या रंगात वजनाने निम्म्यापर्यंत शिसं असायचं. पारंपरिक शेंदूरसुद्धा शिशाचंच ऑक्साइड, म्हणजे मारुतीची आठवण अगदीच अस्थानी नव्हती.

आता गोष्ट जाते ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला. तिथली जुनी घरंही लाकडी, आणि पुढे ऐसपैस व्हरांडा. १८९२ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी लहान मुलांमधल्या शिशाच्या विषबाधेवर लिहिलं. मुलांना शिसं मिळतंय कुठून, हे मात्र कोडंच होतं. ते सोडवलं जॉन लॉकहार्ट गिब्सन या डोळ्यांच्या डॉक्टरने. १९०४ मध्ये त्याने थेट व्हरांड्याच्या कठड्याकडे बोट दाखवलं. तिथल्या कडक उन्हात रंगाची भुकटी होते, मुलं कठडा धरून खेळतात, भुकटी हाताला लागते आणि हात तोंडात जातो. संपलं. याला म्हणतात डिबगिंग! क्वीन्सलँडने १९२२ मध्ये कायदाही केला. मुलांचा हात पोचेल तिथे, म्हणजे कठडे, फाटकं, कुंपणं यांना जमिनीपासून चार फुटांपर्यंत शिशाचा रंग लावायचा नाही.

१९२१ मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने इमारतींच्या आतल्या रंगकामात व्हाइट लेड वापरू नये असा करार केला. तो रंगाऱ्यांच्या जिवासाठी होता. बाहेरच्या भिंती त्यात नव्हत्या, आणि अमेरिकेने त्याला मान्यता दिलीच नाही.

उलट इथे काय चाललं होतं? नॅशनल लेड कंपनीचा 'डच बॉय' हा १९०७ पासूनचा ब्रँड. डब्यावर ब्रश घेतलेलं गोड पोरगं. कंपनी मुलांसाठी गोष्टींची आणि चित्रं रंगवायची पुस्तकं वाटायची. ज्या रंगाने मुलं आजारी पडतात हे ब्रिस्बेनला कळून चुकलं होतं, त्याच रंगाची जाहिरात इथे मुलांच्या हातून! घरगुती रंगातल्या शिशावर अमेरिकेत देशभर बंदी आली ती १९७८ मध्ये. १९०४ ते १९७८, चौऱ्याहत्तर वर्षं. बग रिपोर्ट इतका काळ उघडा राहिला.

आणि हे वाचताना मला माझंच गाव भेटलं. हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरने सॉमरव्हिल आणि शेजारच्या चेल्सी गावातल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. दोन हजारांहून जास्त मुलांनी दात दिले! त्यांतलं शिसं मोजलं. १९७९ मध्ये निष्कर्ष छापून आला. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांची बुद्धिमापन चाचणी कमी भरत होती आणि वर्गात लक्षही कमी लागत होतं. ही मुलं आजारी नव्हती बरं का. आईबापांना काहीच वावगं दिसलं नव्हतं. हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि झोपलेल्या लेकीकडे बघत बसलो.

सोमवारी तिच्या रक्ताची तपासणी. इथे 'काळजीचा आकडा' सतत खाली येत गेलाय. एक डेसिलिटर रक्तात १९६० च्या दशकात ६० मायक्रोग्रॅम, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ पासून ३.५. इतकंच चालेल अशी सुरक्षित पातळी कुणालाच सापडलेली नाही. रिपोर्ट यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस कसे गेले ते लिहीत नाही. आकडा आला, २ पेक्षा कमी. बायको काहीच बोलली नाही, नुसती खुर्चीत बसली.

पुढचं काम मी केलं नाही, परवाना असलेल्या माणसांनी केलं. जमिनीवर प्लास्टिक, तोंडाला मास्क, भिंत ओली ठेवूनच खरवडायचं. कोरडी घासायची नाही, आग लावून जाळायची तर मुळीच नाही. भिंतीलगतच्या मातीतही रंगाचा चुरा असतो, म्हणून तिच्यावर नवी माती. खर्च विचारू नका :-)

शिवाय पोपडे का सुटले तेही कळलं. त्या भिंतीमागे बाथरूम आहे, आणि त्याला पंखाच नव्हता. थंडीत आतली वाफ लाकडातून बाहेर निघते आणि रंगाला मागून ढकलते. पंखा बसवला नसता, तर नवा रंगही चार वर्षांत गळाला असता.

असो. परवा बाबांचा साताऱ्याहून फोन. दिवाळीआधी घर रंगवायला काढलंय, नात येणार म्हणून. खिडक्यांचे ग्रिल आणि जुना लाकडी झोपाळा ते स्वतःच पॉलिश पेपरने घासणार होते. भारतात घरगुती रंगात शिसं दहा लाखात ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ ला. झोपाळ्याचा रंग माझ्या मुंजीच्या वेळचा.

"बाबा, पेपर खाली ठेवा. आधी पाणी मारा, आणि तोंडाला मास्क लावा."

"अरे, इतकी वर्षं घासतोय, मला काय झालं?"

"तुम्हाला नाही. त्या झोपाळ्याची कड चावत मी मोठा झालोय."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग बाबा म्हणाले, "तरीच गणितात..."

पण पेपर त्यांनी खाली ठेवला.