ठासणीच्या बंदुकीला मागून उघडले तेव्हा

बंदुकीतील दारू पेटते ती नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. ठासणीच्या बंदुकीत नळीचे हे मागचे टोक आट्यांच्या जाड बुचाने कायमचे बंद असते. मधल्या घाताने पेटणारे धातूचे काडतूस वापरायचे, तर नेमके हेच टोक उघडावे लागते. म्हणजे बंदुकीचा सर्वांत भक्कम भाग मुद्दाम कमकुवत करावा लागतो.

१८६० च्या दशकात ब्रिटिश लष्कराने हे धाडस लाखो बंदुकांवर केले. मागून भरणाऱ्या बंदुकांचा वेग प्रशियाने डेन्मार्क आणि ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धांत दाखवून दिला होता आणि नव्या बंदुकांसाठी थांबायला वेळ नव्हता. कोठारांत १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड पडून होत्या. १८५७ च्या काडतुसांच्या वादातील त्याच एन्फील्ड. जेकब स्नायडर या अमेरिकी संशोधकाची युक्ती १८६६ मध्ये स्वीकारली गेली. नळीचा मागचा सुमारे अडीच इंच भाग कापायचा, तेथे पोलादी घर आट्यांनी बसवायचे आणि त्यात उजवीकडे उघडणारा ठोकळा ठेवायचा. मिनिटाला तीनऐवजी दहा गोळ्या सुटू लागल्या.

मग या नळ्या फुटल्या का नाहीत? श्रेय बरेचसे दारूला आहे. नव्या काडतुसात काळी दारू सुमारे साडेचार ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकीच होती आणि गोळी तर थोडी हलकीच होती. जुन्या लोखंडाने जेवढा दाब वर्षानुवर्षे सोसला होता, त्याहून फारसे अधिक त्याच्याकडून मागितले गेले नाही. मागे ढकलणारा धक्का ठोकळ्यामागची भिंत झेलत असे, बिजागरी नव्हे. काडतुसाचे पितळी कवच फुगून नळीला चिकटे व वायू अडवी.

धोका होता तो कवच फाटण्याचा. बुड फाटले की निसटलेला वायू ठोकळ्याला वर उचलू शके. म्हणून १८६९ च्या सुमारास आलेल्या तिसऱ्या प्रकारात ठोकळ्याला स्वतंत्र खटका दिला गेला आणि नळीही लोखंडाऐवजी पोलादाची झाली.

हिंदुस्थानात या प्रश्नाला आणखी एक पदर होता. उठावानंतर देशी पलटणींच्या हाती मुद्दाम गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या गेल्या. १८५८ च्या नमुन्यात एन्फील्डच्याच घडणीची नळी आतून रुंद कोरल्याने तिची भिंत पातळ झाली. पुढच्याच वर्षीच्या नमुन्यात ती पुन्हा जाड करावी लागली. नळीच्या भिंतीवरचा ताण वायूच्या दाबासोबत आणि व्यासासोबत वाढतो, जाडी वाढली की घटतो. इथे व्यास वाढला आणि जाडी घटली. ताण दोन्ही बाजूंनी वाढला. बाहेरून मात्र दोन्ही बंदुका सारख्याच दिसत, आणि जुनी बंदूक हाताळणाऱ्याची फसगत होते ती इथेच.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्येईने धूरविरहित दारू बनवली आणि जुने गणितच मोडले. काळ्या दारूच्या ज्वलनाचा वेग दाबावर फारसा अवलंबून नसतो. नव्या दारूचे तसे नाही: दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, त्यामुळे दाब आणखी वाढतो. नळी जरा कमकुवत असली, तरी हे चक्र थांबायला उसंत मिळत नाही. ब्रिटिश शस्त्रशाळांनीही हे ओळखले होते. मार्टिनी-हेन्री बंदुका .३०३ काडतुसासाठी रूपांतरित करताना त्यांनी जुनी नळी काढून नवीच बसवली. ज्यांच्याकडे उत्तम यंत्रे, कारागीर आणि जादा दारू भरून नळीची परीक्षा घेण्याची सोय होती, त्यांनीसुद्धा जुन्या नळीवर विसंबण्याचे टाळले.

कोकणापासून कोडगूपर्यंत पिकांच्या राखणीसाठी ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका आजही आढळतात. त्यांच्या नळीचे लोखंड कोणत्या दर्जाचे, आतून किती गंजलेले, हे बाहेरून कळत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ५ परवान्यावाचून विक्री किंवा हस्तांतरणासाठी, तसेच रूपांतर, दुरुस्ती वा चाचणीसाठी शस्त्र हाती घेण्याचे प्रकार रोखते.