घोड्याची चंदी आणि राज्याची बेगमी

मराठ्यांच्या पराक्रमाची कथा सांगतांना तलवार, भाला आणि घोडा या तिहींचा उल्लेख ठरलेला असतो. परंतु तलवार वर्षभर म्यानांत पडून राहिली तरी ती कांहीं खात नाहीं. घोड्याला मात्र लढाई असो वा नसो, रोजची चंदी आणि वैरण ही लागतेच. बखरकारांनीं घोडदौडीचीं वर्णनें रंगवून केलीं. त्या दौडीमागें किती गंजी कडबा आणि किती पोतीं हरभरा खर्ची पडला, हें मात्र क्वचितच सांगितलें. वास्तविक पाहतां घोडदळाचें बळ रणांगणावर दिसत असलें, तरी तें सांठत असतें कोठारांत. या दृष्टीनें सतराव्या व अठराव्या शतकांतील दोन-तीन प्रसंगांकडे पाहिलें असतां जयापजयाचीं कांहीं कारणें अधिक स्पष्ट होतात.

प्रथम घोड्याच्या पोटाची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. घोडा गवत खातो, परंतु गाईबैलांप्रमाणें रवंथ करीत नाहीं. त्याच्या देहाच्या मानानें त्याचें जठर फार लहान, म्हणजे सुमारें आठ ते पंधरा लिटर मावेल एवढेंच असतें. गवताचें खरें पचन पुढें अंधांत्रांत व मोठ्या आंतड्यांत होतें आणि तेथें असंख्य सूक्ष्म जंतु तें काम करतात. म्हणून निसर्गानें या प्राण्याला थोडें थोडें, परंतु दिवसाचे बहुतेक तास खात राहण्याची संवय लावली आहे. एकाच वेळीं पुष्कळ दाणा घातला, तर त्यांतील पिष्ट न पचतां मोठ्या आंतड्यांत उतरतें, तेथें आंबतें, आणि पोटशूळ उठतो किंवा खुरांच्या आंत दाह होऊन उमदें जनावर कायमचें लंगडें होतें. त्यांतून घोड्याला ओकारी होत नाहीं. जें पोटांत गेलें तें बाहेर टाकून मोकळें होण्याची सोय त्याला नाहीं. मेहनतीच्या घोड्याला दाणा हवाच, परंतु वैरण हें त्याचें मुख्य अन्न आणि दाणा ही त्याला दिलेली जोड, हा क्रम उलटला कीं अनर्थ होतो.

हिंदुस्थानांत घोडा पोसण्याच्या रीति अनेक होत्या. तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडील किनाऱ्यावर आलेल्या मार्को पोलोनें, तेथें घोड्यांना शिजविलेला भात व मांस चारतात आणि परदेशांतून मोठ्या किंमतीनें आणलेले घोडे अल्पकाळांत मरतात, असें नमूद केलें आहे. अकबर बादशहाच्या तबेल्यांत दाण्याशिवाय तूप व साखरही मिळत असे. त्याची तपशीलवार व्यवस्था अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’त दिली आहे. महाराष्ट्राच्या पठारावर मात्र असा थाट नव्हता. भीमा व नीरा यांच्या खोऱ्यांतील काटक भीमथडी तट्टू ज्वारीच्या कडब्यावर आणि माळावरच्या गवतावर वाढे. काम पडे तेव्हां तोबऱ्यांतून भरडलेला वा भिजवलेला हरभरा मिळे. दक्षिणेंत हरभऱ्याची जागा पुष्कळदां कुळीथ घेई. इंग्रजांनीं तर कुळथाचें नांवच घोड्यावरून ठेवलें. हरभऱ्यांत शंभर भागांस सुमारें वीस भाग प्रथिनें असतात. थकलेले स्नायु भरून काढण्यास तीं उपयोगी पडतात. शेतकऱ्याच्या शेतांत जें पिके त्यावर जगणारें हें जनावर होतें, आणि हेंच त्याचें मोठें सामर्थ्य होय. एकाच ताटाचें कणीस स्वाराला आणि धांडा घोड्याला, अशी ही सोय होती.

परंतु याच सोयींत एक संकटही दडलेलें होतें. स्वार आणि घोडा दोघेही कुणब्याच्याच शेतावर जगणार असतील, तर बेगमी संपतांच दोघांचेही हात कुणब्याच्या खळ्याकडे वळणार. हें ज्याला सर्वांत आधीं व सर्वांत स्पष्ट दिसलें, तो पुरुष म्हणजे शिवाजी महाराज. सभासदानें आपल्या बखरींत पागेची जी व्यवस्था सांगितली आहे, तींत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि त्या पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद नेमलेला दिसतो. म्हणजे हत्यारांच्या बरोबरीनें पाणी आणि खूर यांचाही हिशेब धरलेला होता. पावसाळ्यांत लष्करानें स्वदेशीं छावणीस यावें. तेथें घोड्यांसाठीं दाणा, वैरण, औषधें आणि गवतानें शाकारलेलीं घरें आधींच तयार असावींत. आणि दसरा होतांच लष्करानें कूच करून आठ महिने परमुलखांत पोट भरावें, असा तो नियम होता.

नियम करणें सोपें, तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहणें कठीण. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या बाजूस छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस महाराजांनीं पाठविलेलें पत्र या दृष्टीनें अवश्य वाचावें असें आहे. त्याचा आशय असा, कीं पावसाळ्यासाठीं म्हणून जमा केलेला दाणा व गवत आतांच मनास येईल तसें चारून संपविलें, तर ऐन पावसांत कांहीं मिळणार नाहीं. घोडे उपाशी मरूं लागतील, आणि ते तुम्हींच मारल्यासारखे होतील. मग तुम्ही मुलखाला उपद्रव देऊं लागाल. कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी भाजी. आणि जे गरीब जीव धरून राहिले आहेत, ते घरेंदारें सोडून जातील. त्यांना तुमच्यापेक्षां शत्रूच बरा वाटेल. पुढें गवताच्या गंजींना आग लागूं नये म्हणून चुलीचा विस्तव, तमाखूची चिलीम, आणि उंदीर जळती वात तोंडांत धरून नेईल ही शक्यता, इतक्या बारीक गोष्टींविषयीं ताकीद आहे. एक गंज जळाली कीं घोडे गेले, घोडे गेले कीं लष्कर गेलें, आणि लष्कर वांचविण्याच्या नादांत रयत गेली, अशी ही कार्यकारणांची सांखळी त्या पत्रांत उलगडलेली आहे.

हा धोका किती खरा होता, हें साध्या हिशेबानें कळेल. घोड्याला त्याच्या वजनाच्या शेंकडा दीड ते दोन इतकी सुकी वैरण रोज लागते, असें आधुनिक शास्त्र सांगतें. लहान चणीचा, तीनशें किलो वजनाचा घोडा धरला, तरी सरासरी पांच किलो झाले. हजार घोड्यांना एका दिवसास पन्नास क्विंटल, आणि पावसाळ्याच्या एकशेंवीस दिवसांस सहा हजार क्विंटल वैरण झाली, दाणा निराळाच. कोंकणांतील कोंवळें ओलें गवत पाणचट असतें आणि भाताचा पेंढा निकस. तेथें आठ दिवसांची उधळपट्टीही शेवटच्या महिन्यांत उपासमार घडवून आणण्यास पुरेशी होती.

दौडीवर असलेल्या फौजेची गोष्ट वेगळी. थोरल्या बाजीरावाविषयीं, घोड्यावर बसल्याबसल्या ज्वारीचीं कणसें हातांवर चोळून खात असल्याची आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यांत एक मर्म आहे: ज्या फौजेचें कोठार वाटेवरच्या शेतांत असतें, तिला मागें ओढणारें कांहीं नसतें. १७२८ सालीं पालखेडच्या मोहिमेंत निजामाचें अवजड तोफखान्याचें लष्कर अन्नपाण्यावांचून कोंडलें गेलें, आणि ६ मार्च १७२८ रोजीं मुंगी-शेवगांवचा तह करणें त्याला भाग पडलें. पुढें पेंढाऱ्यांनींही हीच रीत उचलली. स्वतःसाठीं चार भाकऱ्या आणि घोड्यासाठीं कांहीं वेळची चंदी एवढेंच बरोबर घेऊन ते दिवसाला चाळीस-पन्नास मैल मजल मारीत, असें वर्णन माल्कमच्या ग्रंथांत आहे. मात्र राज्य राखणारी जबाबदारी मागें नसल्यानें त्यांच्या दौडीचा भार सर्वस्वीं रयतेवर पडला.

चालती फौज अडली कीं काय होतें, हें पानिपतानें दाखविलें. १७६० च्या ऑक्टोबरांत कुंजपुरा जिंकून भाऊसाहेबांच्या सैन्यानें धान्याचा मोठा सांठा मिळविला. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर आला, आणि मराठी लष्कर पानिपतास खंदक खणून एका जागीं बसलें. बरोबर बाजारबुणगे आणि यात्रेकरूंचा मोठा जमाव होता. डिसेंबरांत गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद पोंचविण्याची मोठी आशा मावळली. उत्तरेकडील कडाक्याची थंडी, सभोंवारचें गवत संपलेलें, आणि बाहेर पडावें तर शत्रूचे स्वार टपलेले, अशा स्थितींत घोडे व बैल मरूं लागले. थंडींत घोडा आपली ऊब वैरणीच्या पचनांतूनच मिळवितो. वैरण बंद झाली कीं तो अंगावरचें मांस जाळूं लागतो. दोन दिवस अन्न मिळालें नाहीं, उपाशी मरण्यापेक्षां लढून मरूं द्या, असें सरदारांनीं भाऊसाहेबांस विनविल्याचें काशीराज पंडितानें लिहिलें आहे. १४ जानेवारी १७६१ रोजीं जे घोडे रणांत उतरले, त्यांच्या स्वारांचें शौर्य कमी नव्हतें. घोड्यांच्या पायांतलें बळ मात्र आधींच आटलें होतें. पानिपताचीं कारणें अनेक आहेत, परंतु रिकामा तोबरा हें त्यांतील लहान कारण खास नव्हे.

आज घोडदळाचा काळ सरला आहे. उरले ते शर्यतीचे, खेळाचे आणि हौसेचे घोडे. त्यांच्यापुढें ओट, लसूणघास आणि मोजून-मापून तयार केलेलें खाद्य येतें. शास्त्रानें कांहीं जुन्या समजुती दुरुस्त केल्या. नुसत्या कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याचीं हाडें कमकुवत होतात, कारण कोंड्यांत स्फुरद फार व चुना थोडा; घामांतून जाणारें मीठ भरून दिलें पाहिजे; चंदींतील बदल हळूहळू केला पाहिजे. परंतु कांहीं जुन्या गोष्टी शास्त्रानें पक्क्याच केल्या. घोडा कां अडला, भाकरी कां करपली आणि पान कां सडलें, या तिन्ही प्रश्नांना ‘फिरवलें नाहीं म्हणून’ असें एकच उत्तर देणारा उखाणा घरोघरीं माहीत आहे. मेहनतीचा घोडा विश्रांतीच्या दिवशींही पूर्ण चंदीवर ठाणाला बांधून ठेवला, तर दुसऱ्या दिवशीं कामाला जुंपतांच त्याचे स्नायु आंखडतात, असें पशुवैद्य सांगतात. म्हणून विश्रांतीच्या दिवशीं दाणा कमी करावा आणि घोडा थोडा तरी फिरवावा.

चंदी किती घालावी हा प्रश्न अशा रीतीनें पागेचा आहे. परंतु ती कोठून आणावी, हा प्रश्न राज्याचा होता. पहिला प्रश्न चुकला तर घोडा मरे, दुसरा चुकला तर गांव उठे. चिपळूणच्या छावणीस गेलेलें तें पत्र या दोन्ही प्रश्नांना एकत्र गुंफतें. आणि म्हणूनच घोड्याच्या वैरणीविषयींचा तो हुकूम रयतेच्या रक्षणाचा हुकूम ठरतो.