मळ्या मासा आणि सातपुड्याची वाट

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सह्याद्रीचे फाटे आणि अजिंठ्याचे डोंगर, मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, अशी खान्देशची ठेवण आहे. मुलतईला उगम पावलेली तापी सुमारे ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. सातपुड्यातून तिला सुकी, अनेर, अरुणावती, गोमाई येऊन मिळतात. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई. विसाव्या शतकात भारतातल्या गोड्या पाण्यातील माशांविषयी जो मोठा वाद झाला, त्यात सातपुड्याची ही भिंत केंद्रस्थानी होती.

दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद त्याआधी शंभर वर्षे सुरू झाली. १८१८ मध्ये पेशवाई बुडून खान्देश कंपनी सरकारकडे गेला. पुढे १८२४ मध्ये मुंबई सरकारने कर्नल विल्यम हेन्री साइक्स याला सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. पुणे, अहमदनगर, खान्देश आणि धारवाड या चार कलेक्टऱ्या त्याच्या कक्षेत होत्या. जमीनधारा, पिके आणि लोकसंख्या यांच्याबरोबर त्याने पशुपक्षी आणि मासेही टिपले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे आला. त्यातले बरेच मासे भीमेच्या खोऱ्यातले, म्हणजे खान्देशबाहेरचे. साइक्सची एक सवय मात्र मोलाची ठरली: नव्या जातींना लॅटिन नाव घडवण्याऐवजी तो अनेकदा मच्छीमारांच्या तोंडचाच शब्द उचली. खुद्री, कोलुस, नुक्ता, मुल्या ही नावे आजही शास्त्रात चालतात. उच्चार इंग्रजी कानाने ऐकलेले असले, तरी त्यांमागचा मराठी बोलणारा माणूस लपत नाही.

यातला मुल्या, म्हणजे मळ्या, हा बोटभर लांबीचा मासा द्वीपकल्पातल्या खडकाळ ओढ्यांत सर्वत्र आढळतो. तो उलटा धरून पाहिला की पोट सपाट दिसते आणि खालच्या ओठामागे एक मांसल चकती असते. ती दगडाला टेकवून, छातीचे पर आडवे पसरून तो वाहत्या पाण्यात जागा धरून राहतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. त्याचे भाऊबंद पूर्वेला चीन-बोर्निओपासून पश्चिमेला अरबस्तान आणि आफ्रिकेपर्यंत पसरले आहेत.

या गटाचा सखोल अभ्यास १९२१ मध्ये सुंदरलाल होरा (१८९६–१९५५) यांनी प्रसिद्ध केला. पुढे ते भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक झाले. त्यांना पडलेला प्रश्न साधा होता. सह्याद्रीच्या धबधब्यांतले काही मासे आसाम, ब्रह्मदेश आणि मलायातल्या माशांशी जवळचे नाते दाखवतात, मधल्या विस्तीर्ण मैदानात मात्र ते नाहीत. गोड्या पाण्यातला मासा समुद्र ओलांडत नाही, कोरड्या जमिनीवरूनही जात नाही. म्हणून जुन्या भूरचनेचा तो चांगला साक्षीदार. होरांचे उत्तर असे की, हे मासे गारो आणि राजमहाल टेकड्यांवरून विंध्य-सातपुड्याच्या रांगेने पश्चिमेकडे सरकले आणि तिथून सह्याद्रीत उतरून दक्षिणेला गेले. हाच ‘सातपुडा सिद्धांत’. १९४९ मध्ये त्यावर परिसंवाद झाला, तेव्हा पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी याच रांगेकडे पक्ष्यांचा राजमार्ग म्हणून पाहिले.

अडचणी दोन होत्या. पूर्वेला गारो आणि राजमहाल यांच्यामधली खिंड गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाने भरलेली. तिची चर्चा पुष्कळ झाली. पश्चिमेला सातपुडा जिथे संपत येतो, तिथे तोरणमाळ आणि अस्तंभ्याच्या पायथ्याशी तापीची खोलगट, तापलेली पट्टी आडवी येते. हा जुन्या पश्चिम खान्देशचा भाग १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. दगडाला चिकटून जगणारा मासा संथ, गढूळ तापी कशी ओलांडणार? होरांनी त्यासाठी हिमयुगातले वेगळे हवामान आणि एका नदीने दुसरीचे पाणी ओढून घेणे, अशी कारणे पुढे केली. त्या काळी सातपुडा अधिक उंच आणि अधिक ओला असावा, हेही त्यात गृहीत होते. हे गृहीतक सिद्धांताचे सर्वांत कच्चे अंग होय.

१९५२ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ ई. जी. सिलास यांनी होरांची मांडणी पुढे नेली. २००३ मध्ये जीवशास्त्रज्ञ प्रवीण कारंथ यांनी वंशवृक्षांच्या आधारे तिची तपासणी केली, तेव्हा काही प्राण्यांमधले साम्य एकाच वंशाचे नसून सारख्या परिस्थितीत घडलेले असावे, असे दिसले. सगळ्याच गटांना एक वाट पुरत नाही, एवढे त्यातून निघाले.

तोवर तापीही बदलली होती. गुजरातेत उकाई धरण १९७२ मध्ये झाले आणि त्याचा फुगवटा नवापूर-नंदुरबारकडे आला. भुसावळजवळ हतनूर धरण उभे राहिले. वाहत्या पाण्याच्या जागी तळी आली. त्यांत गंगेच्या खोऱ्यातले कटला, रोहू आणि मृगळ सोडले जाऊ लागले. सातपुड्याची रांग आता मत्स्यबीज ओलांडते ते प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून, ट्रकने.