बूट पायासाठी की पाय बुटासाठी?

१/१२
नवा बूट ‘चावतो’, असे मराठी माणूस म्हणतो. मग नमते कोणी घ्यावे, पायाने की बुटाने? वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नापायी युरोप-अमेरिकेतील असंख्य सैनिक लंगडले. अखेर १९१२ साली एका लष्करी आदेशाने त्याचे स्पष्ट उत्तर दिले. त्या उत्तरातील मुख्य साधन होते साधे पाणी.

२/१२
प्रथम थोडे मागे जाऊ. इ.स. १६०० च्या सुमारास युरोपात उंच टाचेचे बूट रूढ झाले. बूट ज्या लाकडी फर्म्यावर घडवतात, त्याची टाचेसह डावी-उजवी जोडी कोरणे किचकट व खर्चिक होते. त्यामुळे दोन्ही पायांसाठी एकच सरळ फर्मा वापरला जाऊ लागला. पुढची सुमारे दोनशे वर्षे बहुतेक बुटांत डावा-उजवा हा भेदच उरला नाही.

३/१२
असा बूट पायाच्या आकाराचा नसे. वापरून वापरून तो तसा होई. त्यातही अठराव्या शतकातील सैनिकांना अनेकदा बुटांची रोज अदलाबदल करायला लावत, कारण तळ दोन्ही बाजूंनी सारखे झिजावेत. चामडे एका पायाला सरावते न सरावते तोच बूट दुसऱ्या पायात जाई. बूट टिकत, पाय सोलवटत.

४/१२
जानेवारी १८०९. स्पेनमधील कोरुन्ना येथून माघार घेतलेले ब्रिटिश सैनिक मायदेशी परतले, तेव्हा अनेकांच्या जखमी पायांना केवळ चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. हे दृश्य अभियंता मार्क इझम्बार्ड ब्रुनेल याने पाहिले. त्याने लष्करी बूट बनवणारी यंत्रे तयार केली, १८१० मध्ये पेटंट घेतले आणि लंडनच्या बॅटरसी भागात कारखाना उभारला. तेथील कामगार होते युद्धात अपंग झालेले सैनिक.

५/१२
कारखान्यातून दिवसाला ४०० जोडांपर्यंत उत्पादन होऊ लागले. पण १८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई झाली, युद्ध संपले आणि सरकारची मागणी आटली. हजारो जोड पडून राहिले. १८२१ मध्ये ब्रुनेलला कर्जापायी तुरुंगात जावे लागले. बूट पुरेसे कसे बनवावेत, हे त्याने दाखवले होते. ते पायाला कसे बसावेत, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

६/१२
तो प्रश्न पुढे नेला झुरिकचा शरीररचनाशास्त्रज्ञ गेओर्ग हेरमान फोन मायर याने. पायाच्या अंगठ्याच्या मध्यातून मागे ओढलेली रेषा टाचेच्या मध्यातून जाते आणि बुटानेही तीच रेषा पाळावी, असे त्याचे म्हणणे होते. टोकदार बूट अंगठा आत ढकलतात आणि पाय कायमचा वाकडा करतात. १८६० मध्ये त्याच्या पुस्तिकेचा इंग्रजी अनुवाद झाला. त्याच्या शीर्षकाचा आशयच होता : ‘बूट का चावतो?’

७/१२
विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी लष्कराने यासाठी मंडळ नेमले. त्याची धुरा वैद्यकीय अधिकारी एडवर्ड लायमन मन्सन याच्याकडे होती. चार वर्षांत सुमारे २,००० सैनिकांचे पाय तपासले गेले. त्यातून बोटांपाशी रुंद आणि आतल्या बाजूने सरळ असा नवा फर्मा तयार झाला. तो आजही ‘मन्सन फर्मा’ म्हणून ओळखला जातो. मन्सनचे या विषयावरील पुस्तक १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

८/१२
त्याच वर्षीच्या आदेशाने माप घेण्याची पद्धतही बदलली. सैनिकाच्या पाठीवर ४० पौंडांचे, म्हणजे सुमारे १८ किलोंचे ओझे द्यायचे, सगळा भार एका पायावर घ्यायला सांगायचे आणि मग माप घ्यायचे. कारण बसलेल्या माणसाचा पाय आणि ओझ्याखाली पसरलेला पाय यांच्या मापांत फरक असतो. कूच करायची असते ती दुसऱ्या पायाने.

९/१२
यानंतर येते पाणी. नवे बूट घालून सैनिकाने सुमारे अडीच इंच पाण्यात पाच मिनिटे उभे राहायचे. चामडे नरम पडले की सपाट जमिनीवर तासभर चालायचे आणि बूट पायातच वाळू द्यायचे. ते काढल्यावर गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले तेल किंचित चोळायचे. नवे बूट घालून कूच सुरू करण्यास सक्त मनाई होती.

१०/१२
यामागचे तत्त्व कारागिरांना आधीपासून ठाऊक होते. चामडे म्हणजे तंतूंची दाट वीण. ओलाव्याने तंतू एकमेकांवरून सरकू शकतात. वाळताना ते नव्या जागी स्थिरावतात. फर्म्यावर बूट घडतो तो असाच. फरक इतकाच, की या वेळी लाकडी फर्म्याच्या जागी सैनिकाचा स्वतःचा पाय होता. तेलामुळे वाळलेले चामडे ताठरत नाही आणि त्याला भेगा पडत नाहीत.

११/१२
महाराष्ट्राला हे ज्ञान परके नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची कोल्हापुरी चप्पल सुरुवातीला ताठ असते. तिला तेल पाजून, रोज थोडा थोडा वेळ घालून सरावाची करतात. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतील जिल्हे आहेत.

१२/१२
ओलावा आणि तेल चामड्याचा ताठरपणा घालवतात. आखूड बूट मात्र त्यांनी लांब होत नाही. म्हणूनच १९१२ च्या आदेशात पाण्याआधी माप येते आणि बूट नीट बसतात की नाही हे पाहण्याची जबाबदारी कंपनीच्या अधिकाऱ्यावर टाकलेली आहे. तोवर पायाला फोड आला की तो सैनिकाचा नाजूकपणा ठरे. यापुढे तो अधिकाऱ्याचा हलगर्जीपणा ठरणार होता.